रिटर्नवर सही कोणी करायची, कशी करायची आणि किती दिवसांत: टप्प्याटप्प्याने

आयकर रिटर्नमधले आकडे बहुतेक लोक दोन-दोनदा तपासतात. सही कोणाची लागणार, हे मात्र सबमिटचं बटण दाबून झाल्यावर आठवतं. मग मुलगा वारलेल्या वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी टाकून मोकळा होतो, सोसायटीचं रिटर्न जुन्या सेक्रेटरीच्या आधार क्रमांकावर अडकून बसतं आणि परदेशातली मुलगी इथल्या सिमकार्डासाठी रात्री फोन करत राहते. यातली कुठलीच चूक हिशेबाची नाही, पण भुर्दंड पैशातच बसतो.

खालची कलमं आयकर कायदा १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला असला, तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे जातं.

## टप्पा १: फॉर्म उघडण्याआधी, सही कोणाची ते ठरवा

हे कलम १४० मध्ये ठरवून दिलेलं आहे. आपल्या सोयीने कोणीही सही करून चालत नाही.

व्यक्ती: रिटर्न ज्याचं, सही त्याची. नवऱ्याने बायकोच्या, मुलाने आईच्या रिटर्नवर 'घरचंच आहे' म्हणून सही करणं बसत नाही. अपवाद तीनच. माणूस भारताबाहेर असेल, तर तो स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती. मानसिकदृष्ट्या स्वतःचे व्यवहार पाहण्यास असमर्थ असेल, तर पालक किंवा कायद्याने सक्षम व्यक्ती. आणि इतर कुठल्या कारणाने सही शक्य नसेल (रुग्णालयात दीर्घकाळ असणं, हात निकामी होणं), तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात वैध कुलमुखत्यारपत्र लागतं आणि ते रिटर्नसोबत जोडावं लागतं.

हिंदू अविभक्त कुटुंब: कर्ता. तो भारताबाहेर किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल, तर कुटुंबातला दुसरा कोणीही सज्ञान सदस्य. कर्ता गावी गेलाय, कामात आहे, ही कारणं यात बसत नाहीत. कर्ता मुलगाच हवा हा समजही सोडा. २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये थोरल्या मुलीला कर्तेपद मान्य केलं आहे.

भागीदारी संस्था: व्यवस्थापकीय भागीदार. तो नसेल किंवा अपरिहार्य कारणाने शक्य नसेल, तर कोणताही सज्ञान भागीदार. एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) हीच जागा नियुक्त भागीदाराची.

कंपनी: व्यवस्थापकीय संचालक, तो नसेल किंवा अपरिहार्य अडचण असेल तरच दुसरा संचालक. अकाउंट्स मॅनेजर कितीही जुना आणि विश्वासू असो, त्याची सही चालत नाही. कंपनी गुंडाळली जात असेल तर अवसायक (लिक्विडेटर) सही करतो.

सोसायटी, मंडळ, संघ: सदस्य किंवा प्रमुख अधिकारी. गृहनिर्माण सोसायटीत व्यवहारात सचिव, अध्यक्ष किंवा खजिनदार. यांच्यासाठी खाली स्वतंत्र टप्पा आहे, कारण सर्वात जास्त घोळ तिथेच होतो.

अज्ञान मूल: मुलाचं व्याजबिज सहसा आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, त्यामुळे वेगळं रिटर्न लागत नाही. मुलाने स्वतःच्या कौशल्याने कमावलं असेल, म्हणजे मालिकेत काम केलं, गाण्याचे कार्यक्रम केले, तर वेगळं रिटर्न येतं आणि त्यावर पालक प्रतिनिधी म्हणून सही करतो.

> सावधान: तुमचा सीए रिटर्न तयार करतो, अपलोड करतो. सही तुमचीच असते. 'सीएने काय भरलं मला माहीत नाही' हे उत्तर नोटीस आल्यावर उपयोगाचं नाही. खोट्या सत्यापनाबद्दल (रिटर्न खरं असल्याची सहीने दिलेली घोषणा म्हणजे सत्यापन) खटल्याची तरतूद असलेलं कलम २७७ सही करणाऱ्याकडे बघतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. पोर्तुगीज नागरी संहिता ज्यांना लागू आहे, त्या पती-पत्नींचं पगार सोडून इतर उत्पन्न कलम ५ए प्रमाणे निम्मं-निम्मं वाटलं जातं. वाटणी झाली की रिटर्न दोन, सह्या दोन. दुकान नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून पत्नीचा ओटीपीही त्याच्याच फोनवर मागवण्याची पद्धत दिसते, ती मोडा. अशा जोडप्यांना आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा २: अधिकार असेल, तर तो पोर्टलवर चढवा

हातात कुलमुखत्यारपत्र आहे, पण आयकर विभागाच्या पोर्टलला त्याचा पत्ता नाही, अशा स्थितीत भरलेलं रिटर्न तिथेच थांबतं. क्रम असा: आधी कागद, मग पोर्टलवर नोंदणी, मग मंजुरी, मग रिटर्न.

लॉगिन केल्यावर 'ऑथराइझ्ड पार्टनर्स' या मेनूखाली दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसऱ्याला अधिकार द्यायचा असेल (परदेशात असणारे, इतर कारणाने सही न करू शकणारे), तर करदाता स्वतःच्या लॉगिनमधून विनंती करतो आणि अधिकार मिळणारी व्यक्ती तिच्या लॉगिनमधून ती स्वीकारते. दुसऱ्याच्या वतीने काम करायचं असेल (मयताचे वारस, अज्ञान मुलाचे पालक, असमर्थ व्यक्तीचे पालक), तर प्रतिनिधी स्वतःच्या पॅनने लॉगिन करून 'रिप्रेझेंटेटिव्ह असेसी' म्हणून नोंदणी करतो. चुकीच्या वाटेने गेलात तर अर्ज नामंजूर होऊन परत येतो आणि दिवस जातात.

परदेशातून दिलेलं कुलमुखत्यारपत्र: तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर सही करून, जरूर असल्यास अपोस्टील (तिथल्या सरकारचं प्रमाणन) करून मूळ कागद इकडे पाठवा. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. घरविक्रीसाठी काढलेलं जुनं मुखत्यारपत्र रिटर्नला चालेल असं गृहीत धरू नका. आयकर रिटर्नचं सत्यापन करण्याचा अधिकार त्यात शब्दांत लिहिलेला हवा.

मुखत्यारपत्र कधी संपतं: देणारा वारला की संपतं. त्याचं मानसिक संतुलन गेलं तरीही संपतं. करार कायद्याचं कलम २०१ तसंच सांगतं. बाबांना स्मृतिभ्रंश झालाय आणि पाच वर्षांपूर्वी त्यांनी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलंय, अशी घरं खूप आहेत. आजार इतका वाढला असेल की बाबांना व्यवहार कळत नाही, तर त्या कागदावर विसंबू नका. तिथे पालक नेमून घ्यावा लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खालच्या स्थानिक समितीकडे, बाकी बाबतीत न्यायालयाकडे जावं लागतं. जुलैत सुरू करून जुलैत होणारं हे काम नव्हे.

## टप्पा ३: घरात मृत्यू झाला असेल तर

हा टप्पा नीट वाचा. इथली घाई महागात पडते.

माणूस वारल्यावर त्या वर्षाच्या १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न कायदेशीर वारसाने भरायचं असतं. मृत्यूनंतरचं उत्पन्न, म्हणजे मुदत ठेवीचं पुढचं व्याज किंवा घरभाडं, या रिटर्नमध्ये घालायचं नाही. मृत्यूआधीच्या एखाद्या वर्षाचं रिटर्न राहिलं असेल, तर तेही वारसालाच भरावं लागतं.

१. मृत्यूचा दाखला, मयताचं पॅन आणि वारस असल्याचा एक पुरावा जमवा. पुरावा म्हणून न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र, महसूल अधिकाऱ्याने दिलेला वारस दाखला किंवा हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला, किंवा बँकेचं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिलेलं नॉमिनी अथवा संयुक्त खातेदाराचं पत्र, यांपैकी कोणताही चालतो. न्यायालयात जाण्याआधी बँकेत विचारा. बहुतेक घरांचं काम त्या पत्रावरच भागतं.

२. इंडेम्निटी बाँडचा (नुकसानभरपाईच्या हमीपत्राचा) नमुना पोर्टलवरून घ्या, भरा, सही करा.

३. वारसाने स्वतःच्या लॉगिनमधून 'डिसीज्ड (लीगल एअर)' हा प्रकार निवडून अर्ज करावा. मयताचं नाव, जन्मतारीख आणि पॅन कार्डावर आहे तसंच लिहा. दाखल्यावर 'रामचंद्र' आणि पॅनवर 'रामभाऊ' असेल तर आधी त्याचा खुलासा तयार ठेवा.

४. मंजुरीचा ईमेल आला की आपल्याच लॉगिनमधून मयताच्या नावाने काम करण्याचा पर्याय दिसू लागतो. रिटर्न तिथून भरा आणि स्वतःच्या आधार ओटीपीने सत्यापन करा.

> सावधान: मयताचा मोबाइल चालू आहे, ओटीपी येतोय, म्हणून त्याच्या आधारवर सत्यापन करू नका. मृत्यूच्या तारखेनंतर मयताने स्वतः घोषणा केल्याचा तो पुरावा ठरतो. परतावा अडकतो, बाकीचे वारस भांडायला उभे राहिले तर त्यांच्या हाती कागद मिळतो.

दोन कामं मागे ठेवा: पॅन रद्द करणं आणि बँक खातं बंद करणं. परतावा जमा होईपर्यंत दोन्ही लागतात. मयताच्या थकबाकीबद्दल वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच असते (कलम १५९), त्यामुळे सही करायला घाबरण्याचं कारण नाही.

## टप्पा ४: सोसायटी आणि संस्था, जुनी कमिटी पोर्टलवरून उतरवा

सोसायटीच्या निवडणुका होतात, फलकावर नवी नावं रंगतात आणि आयकर पोर्टलवर तीन कमिट्यांपूर्वीचा सेक्रेटरी तसाच राहतो. रिटर्न अपलोड होतं, ओटीपी त्याला जातो. तो फ्लॅट विकून गेलेला असतो, किंवा चेअरमनशी बोलत नसतो.

म्हणून मार्च-एप्रिलमध्येच प्रोफाइलमधले प्रमुख संपर्क व्यक्ती आणि पदाधिकारी यांचे तपशील बदलून घ्या. त्याआधी कमिटीच्या सभेत 'आयकर रिटर्न आणि संबंधित कागदांचं सत्यापन अमुक पदाधिकारी करतील' असा ठराव इतिवृत्तात घ्या आणि त्याची प्रत सीएला द्या. सत्यापन करणाऱ्याचं स्वतःचं पॅन आधारशी जोडलेलं असावं.

एवढा आग्रह कशासाठी? सहकारी बँकेतल्या ठेवींवरच्या व्याजासाठी सोसायट्या कलम ८०पी ची वजावट मागतात. कलम ८०एसी सांगतं की रिटर्न मुदतीत दाखल झालं तरच ही वजावट. सोसायटीच्या हिशेबाला सहकार कायद्याने लेखापरीक्षण लागतं, म्हणून मुदत साधारणतः ३१ ऑक्टोबर. आता समजा रिटर्न ३० ऑक्टोबरला अपलोड झालं आणि ओटीपीच्या भानगडीत सत्यापन ५ डिसेंबरला झालं. सत्यापनाचे तीस दिवस (टप्पा ८) उलटल्यामुळे दाखल केल्याची तारीख ५ डिसेंबर धरली जाते. सिंकिंग फंडाच्या ठेवींवरचं वर्षभराचं व्याज करपात्र होतं, आणि वार्षिक सभेत त्याचा जाब एकट्या खजिनदाराला विचारला जातो.

## टप्पा ५: सत्यापनाचं माध्यम आधी तपासा

आधार ओटीपी: ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, पोर्टलवर नोंदवलेल्या नव्हे. निम्मी धावपळ या एका गैरसमजातून होते. आधारमधला क्रमांक बंद असेल तर तो आधी बदला. ओटीपी १५ मिनिटं चालतो.

बँक किंवा डिमॅट खात्यावरून ईव्हीसी (सत्यापनाचा इलेक्ट्रॉनिक कोड): खातं पोर्टलवर आधी 'प्री-व्हॅलिडेट' केलेलं आणि ईव्हीसीसाठी चालू केलेलं हवं. कोड ७२ तास चालतो. परदेशातल्यांना हा किंवा नेटबँकिंगमधून थेट आयकर पोर्टलवर जाण्याचा मार्ग अनेकदा सोयीचा पडतो. आधीच पडताळून ठेवला तर मुखत्यारपत्राची गरजही लागत नाही.

डिजिटल सही: कंपन्या, राजकीय पक्ष आणि कलम ४४एबी खाली लेखापरीक्षण लागणारे करदाते यांना ती सक्तीची. तीन गोष्टी पाहा. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना. ते सही करणाऱ्याच्याच नावाचं आणि पॅनचं आहे ना. आणि ते त्या व्यक्तीच्या वैयक्तिक लॉगिनमध्ये नोंदवलंय ना. कंपनीच्या लॉगिनमध्ये ते शोधत बसणारे दरवर्षी भेटतात. शिवाय अपलोड झाल्या-झाल्याच सही करा. 'नंतर सत्यापन करू' हा पर्याय निवडलात तर पुढे डिजिटल सहीचा मार्ग पोर्टल देत नाही.

डिजिटल सही ज्यात साठवलेली असते, त्या टोकनबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सर्व भागीदारांचे यूएसबी टोकन, वर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून, सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, हे दृश्य सर्रास दिसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ टोकनमधली सहीची गुप्त किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतं. त्या टोकनने झालेली प्रत्येक सही तुमची. सल्लागार भला असेलही. त्याच्याकडचा नवा मुलगा कोण आहे, तुम्हाला माहीत नाही.

## टप्पा ६: लेखापरीक्षण अहवाल स्वीकारायला विसरू नका

अहवाल सीए स्वतःच्या डिजिटल सहीने अपलोड करतो, त्यावर त्याचा यूडीआयएन (त्या अहवालाचा ओळख क्रमांक) असतो. पण काम तिथे संपत नाही. तुमच्या लॉगिनमध्ये 'वर्कलिस्ट'खाली तो अहवाल वाट पाहत असतो. तो उघडून, वाचून, 'ॲक्सेप्ट' करून तुमची सही लागते. त्याशिवाय अहवाल दाखल झालेला नसतो. अहवालाची मुदत रिटर्नच्या महिनाभर आधीची. धर्मादाय न्यासांच्या लेखापरीक्षण अहवालालाही हाच क्रम.

तपासणी: रिटर्न भरण्याआधी 'व्ह्यू फाइल्ड फॉर्म्स'मध्ये तो अहवाल दाखल म्हणून दिसतोय का ते बघा. सीएचा 'अपलोड झाला' हा व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा नाही.

## टप्पा ७: घोषणा वाचा, मग सबमिट करा

रिटर्नच्या शेवटी सत्यापनाचा परिच्छेद असतो. त्यात नाव, वडिलांचं नाव, कोणत्या नात्याने सही करताय आणि सही करणाऱ्याचं पॅन येतं. चुका इथे ठरलेल्या: संस्थेच्या रिटर्नमध्ये सही करणाऱ्याच्या पॅनच्या जागी संस्थेचंच पॅन टाकणं, वारस म्हणून भरताना 'स्वतः' हा पर्याय तसाच ठेवणं, गेल्या वर्षीची फाइल पुढे ओढल्यामुळे निवृत्त भागीदाराचं नाव राहणं. कलम २९२बी किरकोळ त्रुटींना पांघरूण घालतं खरं, पण चुकीच्या माणसाची सही किरकोळ आहे की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत नेण्याची हौस कोणाला असते?

## टप्पा ८: तीस दिवस

सत्यापनाला अपलोड केल्यापासून ३० दिवस. पूर्वीचे १२० दिवस १ ऑगस्ट २०२२ पासून गेले. अजूनही 'चार महिने असतात' असं ठामपणे सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

तीस दिवसांत सत्यापन झालं तर अपलोडची तारीख हीच दाखल केल्याची तारीख. उशिरा झालं तर सत्यापनाची तारीख धरली जाते. २८ जुलैला अपलोड, १० सप्टेंबरला सत्यापन, आणि मुदत ३१ जुलै असेल, तर रिटर्न उशिराचं ठरतं. कलम २३४एफ चं शुल्क (५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००), कर बाकी असल्यास व्याज, आणि शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षी ओढण्याचा हक्क गेला. उशिराच्या रिटर्नची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. सत्यापन तिच्याही पुढे ढकललं गेलं, तर माफी अर्जाशिवाय वाट उरत नाही.

कागदावर सही करायची असेल तर: आयटीआर-व्ही (सत्यापनाचा फॉर्म) स्वच्छ छापा, निळ्या शाईने सही करा, सही बारकोडवर येऊ देऊ नका, सोबत कुठलाही कागद जोडू नका. पत्ता: सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर, आयकर विभाग, बेंगळुरू ५६०५००. तीस दिवस मोजताना तो कागद तिथे पोचल्याची तारीख बघितली जाते, म्हणून पहिल्या आठवड्यातच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आधार ओटीपी हाच सोपा मार्ग. पॅनच्या अर्जावर मात्र अंगठा उठवला, तर तो दंडाधिकारी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून शिक्क्यासह साक्षांकित करून घ्यावा लागतो.

तपासणी: डाउनलोड केलेल्या पानाचा मथळा वाचा. वर 'व्हेरिफिकेशन फॉर्म' असेल तर काम अर्धवट आहे. सत्यापन झाल्यावर त्याच पानावर 'ॲक्नॉलेजमेंट' येतं. गृहकर्जाला सत्यापनाआधीचं पान जोडून बँकेकडून परत आलेल्या फायली कमी नाहीत.

## चूक झाली असेल तर

अपलोड झालंय, सत्यापन झालेलं नाही आणि आत चूक दिसली: 'डिस्कार्ड' पर्यायाने ते रिटर्न टाकून देता येतं आणि नव्याने भरता येतं. एकदा टाकलेलं परत येत नाही, आणि आयटीआर-व्ही टपालाने पाठवून झालं असेल तर हा पर्याय वापरायचा नाही. मुदत उलटल्यावर टाकलंत तर नवं रिटर्न उशिराचं ठरेल, हे आधी मोजा.

सत्यापन झालंय पण आकडा चुकला: सुधारित रिटर्न भरा. त्याचंही सत्यापन वेगळं करावं लागतं, त्याचेही तीस दिवस वेगळे. पहिल्याचं सत्यापन दुसऱ्याला लागू होत नाही.

तीस दिवस उलटले: 'सर्व्हिसेस'मधून 'कंडोनेशन रिक्वेस्ट' (विलंबाचा माफी अर्ज) करा, विलंबाचं खरं कारण लिहा. रुग्णालयाचे कागद, मृत्यूचा दाखला, जे असेल ते हाताशी ठेवा. मंजुरी मिळेलच असं नाही, पण वाट बघण्यात काही फायदाही नाही.

चुकीच्या माणसाची सही झाली: मुदत शिल्लक असेल तर योग्य व्यक्तीकडून सुधारित रिटर्न लगेच भरून घ्या. मुदत गेली असेल तर नोटीस येण्याआधी सीएला सगळे कागद, ठराव, मुखत्यारपत्राची तारीख आणि सत्यापन कोणाच्या आधारवर झालं याची नोंद दाखवा. प्रतिनिधी नोंदणी राहून गेली असेल, तर ती त्याच दिवशी सुरू करा.